कोल्ह्याची कायमची फांदी

एका डोंगराच्या कुशीत दाट जंगल होतं आणि तिथे एक कोल्हा राहत असे. खाण्यापिण्याची त्याला फारशी हाव नव्हती. हौस एकच, चारचौघांत आपल्या नावावर काहीतरी असावं.

त्या जंगलाला सावल्यांच्या खेळाचं भारी वेड होतं. तुम्हाला वाटेल, खेळ म्हणजे पळापळ असणार. तसं काही नाही. एक मोठा सपाट कातळ होता आणि त्याच्यासमोर एक वाकलेलं करंजाचं झाड. झाडामागे उन्हं तिरपी झाली की दोन फांद्यांवर चार-चार खेळाडू बसायचे आणि बसल्या जागी नुसते पंजे नि शेपट्या हलवायचे. कातळावर मात्र त्यांच्या सावल्या एकमेकींवर तुटून पडायच्या. एखाद्याची सावली दुसऱ्याच्या सावलीने पुरती झाकली की तो बाद. म्हाताऱ्या घोरपडी नाक मुरडायच्या, "याला काय खेळ म्हणायचं? घाम तरी येतो का कुणाला?" पण पोरंसोरं सकाळपासून जागा धरून बसायची.

झाड आणि कातळ, दोन्ही वानराच्या ताब्यात. पूर्वी कुणीही यावं, खेळावं आणि हरलं की उतरावं, अशी रीत होती. एके वर्षी वानराने जाहीर केलं, "आता आठ फांद्या, आठच संघ. शंभर टोपल्या चारोळी मोजली की फांदी कायमची तुमची. कितीही हरा, कुणी उतरवणार नाही. वर जे उत्पन्न येईल त्यात दरवर्षी वाटा."

उत्पन्न कसलं, तेही सांगते. बघणं तर सगळ्यांना फुकटच होतं. पण मध विकणारं एक अस्वल होतं. प्रत्येक सामन्याआधी वानराने "आजचा खेळ अस्वलाच्या मधातर्फे!" असं ओरडायचं आणि त्याबद्दल अस्वलाने वर्षाला एकशे साठ टोपल्या चारोळी द्यायची, असं ठरलं होतं. निम्मी वानर ठेवायचा. उरलेली आठ फांद्यांत वाटली की एकेकाच्या वाट्याला दहा टोपल्या यायच्या.

कोल्ह्याने साठवलेली सगळी चारोळी देऊन एक फांदी घेतली. शेजारची फांदी एका साळिंदराने घेतली. साळिंदर तोंडाचं फटकळ आणि हाताचं चिकट. त्याने तीन चिचुंद्र्या आणि एक उंदीर असा संघ उभा केला. कोल्ह्याला हसू आवरेना.

"अरे, यांची सावली आधी शोधावी लागेल!"

"शोध की. तुला वेळच वेळ आहे," साळिंदर म्हणालं.

कोल्ह्याची नजर एका खारीवर होती. तिच्या शेपटीची सावली तलवारीसारखी पडायची. तिच्यामागे आणखी तीन संघ लागले होते. कोल्ह्याने त्या सगळ्यांच्या वर आकडा सांगितला, वर्षाला तीस टोपल्या. बाकीचे तीन खेळाडू आणले तेही दहा-दहांवर.

साळिंदराला चौकशा करायची सवयच होती. ते म्हणालं, "येणार दहा, देणार साठ. मधलं कुठून आणणार?"

"तुला भाव कळतो का? कालच रानमांजर माझ्या फांदीचे दोनशे देत होतं. पुढच्या वर्षी तीनशे होतील. मी बसल्या जागी श्रीमंत होतोय."

"दिले का त्याने दोनशे?"

"मी विकली असती तर दिले असते!"

"म्हणजे अजून ती फांदीच आहे," असं म्हणून साळिंदर आपल्या वाटेने गेलं.

पहिल्या वर्षी कोल्ह्याचा संघ पहिला आला. दुसऱ्या वर्षीही पहिला आला. कातळासमोर त्याच्या खारीच्या नावाने गलका व्हायचा, लहान लहान पिल्लं शेपटीला गवत बांधून तिची नक्कल करायची. घरात मात्र वेगळंच चाललं होतं. दुसऱ्याच्या बिळात डोकावू नये हे खरं, पण दिसत होतं ते दिसत होतं. आधी कोल्ह्याने उन्हाळ्यातलं गार बीळ सशांना विकून टाकलं. मग नदीकाठचा बोरींचा पट्टा मुंगसाकडे गेला. मिळालेली चारोळी तशीच्या तशी खेळाडूंना. कुणी विचारलं तर कोल्हा म्हणायचा, "काळजी कसली? रानमांजर तीनशेवर आलंय."

साळिंदराचा संघ एकदा आठवा आला, एकदा सातवा. फांदीवरून कुणी उतरवणार नव्हतंच, मग त्यानेही त्याचा जिवाला त्रास करून घेतला नाही. रोज सकाळी त्याच्या चिचुंद्र्या जंगलातल्या पिल्लांना सावल्या पाडायला शिकवायच्या. पिल्लांच्या आया येताना मूठभर दाणे, चार बोरं, काही ना काही आणायच्या. त्यातून खेळाडूंचं रोजचं भागायचं. वानराकडून आलेल्या दहा टोपल्या साळिंदर बिळाच्या तळाशी लोटायचं आणि वर बसायचं. त्याला ऊठ म्हणण्याची कुणाची छाती नव्हती, त्याला काटे होते.

तिसऱ्या वर्षी जांभळी, करंज कशालाच बहार आला नाही. फुलं नाहीत म्हटल्यावर मध नाही. अस्वल वानराला म्हणालं, "यंदा माझं नाव ओरडू नकोस. विकायलाच काही नाही, तर लोकांना बोलावून दाखवू काय?"

सामन्यांना गर्दी तेवढीच होती. गलकाही तेवढाच. वाटा मात्र एका चारोळीचाही आला नाही.

महिना गेला, दोन महिने गेले. खार कोल्ह्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादा, टोपल्यांचं काय?"

"येतील गं. आपली फांदी तीनशेची आहे, विसरलीस का?"

"घरी पिल्लं आहेत माझी. त्यांना फांदी कुरतडायला देऊ?"

कोल्हा खाली मान घालून उठला आणि थेट रानमांजराकडे गेला. म्हणाला, "तू तीनशे म्हणाला होतास. चल, तुझ्यासाठी अडीचशे."

रानमांजर अंग चाटत होतं. चाटता चाटताच त्याने विचारलं, "फांदी घेतली तर वर्षाला मला मिळणार काय?"

"यंदा... यंदा काही नाही."

"आणि द्यावं काय लागेल?"

"चार खेळाडूंचं. साठ टोपल्या."

"मग मी तुला कशाला देऊ? ती माझ्या गळ्यात घालायची तर तूच मला काहीतरी द्यायला हवंस!"

कोल्हा शंभरावर आला, मग पन्नासावर. रानमांजराने पाठ फिरवली. कोल्ह्याने उरलेल्या सहा संघांनाही विचारून पाहिलं. त्यांतले तीन स्वतःचीच फांदी विकायला निघाले होते.

शेवटी तो वानराकडे गेला. "अरे, तू कायमची म्हणाला होतास!"

"मग आहेच ना कायमची," वानर शांतपणे म्हणाला. "मी शब्द कुठे मोडला? ती तुझी आहे. उद्याही तुझीच असेल."

कोल्हा परत आला तेव्हा तिघे खेळाडू निघून गेलेले होते. खार तेवढी वाट पाहत थांबली होती. सांगून जावं, एवढी रीत तिच्यात होती.

"दादा, मी साळिंदराकडे जातेय. दिवसाला मूठभर देतो म्हणालंय. पण रोज."

"मूठभर!" कोल्हा ओरडला. "तीस टोपल्यांची खेळाडू तू! त्या चिचुंद्र्यांबरोबर बसशील तर रोज हरशील!"

"हरेन की," खार म्हणाली, "पण जेवून हरेन."

आणि ती गेली. कोल्ह्याने तिला थांबवलं नाही. थांबवायला त्याच्याकडे होतं काय?

त्या वर्षी साळिंदराचा संघ, खार असूनही, सातवा आला. आठवा यायला कुणी उरलंच नव्हतं.

तात्पर्य एवढंच, मुलांनो : जागा कायमची मिळाली म्हणून रोजचा खर्च आपोआप भागत नाही, आणि घेणारा मोजून देत नाही तोवर वस्तूचा भाव म्हणजे आपली शिल्लक नव्हे.