छबीचा प्रश्न आणि गुलबक्षीतली परी

गळ्याची शपथ, पोरांनो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी तिथं होतो, या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, नव्हतो खरं तर. मला कुणीतरी सांगितली. छे, होतो! मेंदीच्या कुंपणामागं होतो. ऐका आता, मध्ये बोलू नका.

आमच्या शाळेत छबी नावाची एक इवलीशी मुलगी होती. तिसरीत, माझ्याच बसकरावर, माझ्या डाव्या हाताला बसायची. तिच्या फ्रॉकला एक ठिगळ हळदीसारखं पिवळं, एक मोरपंखी, आणि एक चक्क पोत्याचं. तिची आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची. शाळेत येण्याआधी छबी ती पानं चिरून द्यायची, म्हणून तिची चिमुकली बोटं कायम ओरखडलेली असत.

आमच्या हेमाबाईंनी एक नवीनच खूळ काढलं होतं. शुक्रवारी शेवटचा तास विचारांचा. सगळ्यांनी अंगणात गोल बसायचं आणि एक सागरगोटा हातोहात फिरवायचा. ज्याच्या हाती गोटा, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. उत्तर चुकलं म्हणून छडी नाही, कारण बरोबर उत्तर बाईंनाही ठाऊक नसे! नियम एकच: आधी कुणी बोललेलं पुन्हा बोलायचं नाही. आपापलं डोकं चालवायचं.

छबीच्या आईला काही हे पटेना.

“गोल बसून गप्पा मारायला शाळा कशाला गं?” ती म्हणाली. “या शुक्रवारी येते मी. बघते तुझी हुशारी. नाही दिसली, तर शनिवारपासून माझ्यासंगं कामाला बस.”

छबी घाबरली. पण तिच्याजवळ एक प्रश्न होता, मोत्यासारखा. आदल्या दिवशी तिनं तो माझ्या कानात सांगितला.

“वसंता, केरसुणीची एकेक काडी काढत गेलं, तर कितव्या काडीला ती केरसुणी राहत नाही रे? बरा आहे का प्रश्न?”

“ठीक आहे,” मी म्हणालो. रात्रभर मला स्वतःचा एकही प्रश्न सुचला नाही.

शुक्रवारी गोटा फिरत फिरत माझ्याकडं आला. माझं तोंड उघडलं आणि आतून छबीचा प्रश्न बाहेर पडला. बाईंनी टाळ्या वाजवल्या! “वा, वसंता! याला म्हणतात विचार!” माझ्यासारख्या किराणा दुकानदाराच्या लाडक्या पोराला केरसुणीच्या काड्या कशा सुचल्या, हे कुणीच विचारलं नाही.

मग गोटा छबीच्या हातात गेला, आणि नेमकी तेव्हाच तिची आई फाटकातून आत आली. छबीजवळ दुसरं होतंच काय? हळू आवाजात तिनं तोच प्रश्न विचारला.

“नक्कल! नक्कल! चोरटी!” सगळे ओरडले. सगळे म्हणजे मीसुद्धा.

“छबी, स्वतःचा विचार करावा गं,” बाई म्हणाल्या.

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. “कळली हुशारी. जा, दप्तर आण,” एवढंच बोलली.

छबी शाळेमागच्या बागेत जाऊन मुसमुसू लागली. मी गुपचूप तिच्या मागं गेलो आणि मेंदीच्या कुंपणाआड लपलो. चारचा सुमार, गुलबक्षी उमलायची वेळ. एक कळी टप्पकन उघडली आणि आतून बोटाएवढी परी बाहेर आली! झगा जांभळा, त्याला केशरी झालर, पंखुल्यांवर दवाची चमचम, आणि पायांत परागांचे पिटुकले पैंजण.

“रडू नकोस, राणी,” परी म्हणाली. “एक इच्छा माग. पण नियम आहे. आधी सांगायचं, त्या इच्छेनं रडणार कोण.”

“वसंताची चोरी सगळ्यांना कळावी, असं मागितलं तर?”

“तर?”

“तो रडेल.”

“मग त्याचा बेडूक करू?”

छबीला रडता रडता हसू आलं. “नको गं! त्याच्या आईला रोज माश्या पकडाव्या लागतील.” तिनं नाक पुसलं. “त्याला त्याचा स्वतःचा एक प्रश्न मिळू दे. मग त्याला माझा लागणार नाही.”

“यानं कोण रडेल?”

“कुणीच नाही. प्रश्नानं कुणी रडतं का?”

परीनं छडी फिरवली. सोनेरी, गुलाबी, निळ्या ठिणग्यांची रिमझिम कुंपणावरून माझ्या डोक्यावर पडली आणि माझ्या आत एक प्रश्न उगवला: कुणालाच कळलं नाही, तर मी चोर नाही का?

मी धावत सुटलो. फाटकाशी उभ्या असलेल्या छबीच्या आईला आणि बाईंना मी ओरडून सांगितलं, “प्रश्न छबीचा होता! मी चोरला!” बाईंची मान खाली गेली. आईनं छबीची ओरखडलेली बोटं हातात घेतली आणि म्हणाली, “तू शाळेतच बस, बाय.” त्या दिवसापासून दर शुक्रवारी पहिला गोटा छबीच्या हातात जायचा. आणि परी? ती हसली, भिंगरीसारखी गरगरली आणि झळाळत्या सोनप्रकाशात विरून गेली.

आता खोटं कुठलं, ते सांगतो. परी खरी. त्यावर मी हटणार नाही. छबीनं मागितलं तेही खरं, आणि तो प्रश्न चाळीस वर्षं माझ्याजवळ आहे. धावत सुटलो, ते मात्र मी रचलं. मी कुंपणामागंच बसून राहिलो. छबी दप्तर घेऊन आईच्या मागोमाग फाटकाबाहेर गेली, तोपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सोमवारीही आली नाही, तेव्हा बाई मला म्हणाल्या, “वसंता, जरा डावीकडं सरकून बस, मधली जागा रिकामी दिसते.”

मी सरकलो.