धनुष्यातला ध

तुम्ही ‘ध’ कसा काढता? डोक्यावरची रेघ नेमकी कुठून सुरू करता?

दस्तगीरचाचांनी हेमंतला हेच विचारलं, तेव्हा त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

दस्तगीरचाचा आमच्या गावातले सगळ्यांत जुने पेंटर. गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. उरलेल्या त्यांच्या शिष्याच्या, मुरलीधर आवटींच्या. मुरलीधर मागच्या महिन्यात गेले. हेमंत त्यांचा मुलगा, पुण्यात मोठा इंजिनिअर.

चाचांच्या दुकानामागे एक खोली आहे. दारू सोडू पाहणारी माणसं तिथे दर गुरुवारी जमतात. ती बैठक मुरलीधरनी सुरू केली आणि एकतीस वर्षं चालवली. आता खोलीला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी उद्या सकाळी लागणार होती.

हेमंत आईला घेऊन दुकानात आला. मजकूर त्याने टाइप करूनच आणला होता. आई दाराजवळच्या स्टुलावर टेकली.

चाचांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

“सूतगिरणीत फिटर, आठ वर्षं. नंतर पेंटर, एकतीस वर्षं.” ते थांबले. “आणि मधली नऊ?”

“मधलं काही नाही लिहायचं.”

“का रे?”

“चाचा, उद्या माझे साहेब येणार आहेत. सासरची माणसं येणार आहेत. बाबा नऊ वर्षं दारूत होते, असं पाटीवर लिहू?”

“गावाला माहीत आहे.”

“गावाला आहे. माझ्या मुलींना नाही. त्यांनी आजोबांना कसं आठवायचं, ते मी ठरवीन.”

चाचांनी चष्मा पुसला.

“गुरुवारी एखादा नवा माणूस येईल. पाटी वाचेल. फिटर होते, पेंटर होते. म्हणेल, मग माझं इथे काय काम?”

“आत येऊन विचारेल की.”

“तो आत येत नसतो, बाबा. तुझा बाप या दुकानाच्या पायरीवरून तीनदा परत गेला होता.”

हेमंतने कागद त्यांच्या हातून घेतला. मग म्हणाला, “तुम्ही नाव तर लिहा. खालचं बघू.”

चाचांनी पिवळा पत्रा पुढे ओढला. ब्रश बुडवला. आधी अक्षरं लिहिली, डोक्यावरच्या रेघेविना, मोकळीच. मग डावीकडून रेघ घेतली. मु, र, ली… आणि ‘ध’पाशी हात उचलला. मग ‘ध’च्या कान्यावरून पुन्हा टेकवला आणि ‘र’वर नेऊन सोडला.

“रेघ तुटली,” हेमंत म्हणाला. “इथे फट राहिली.”

“हो, राहिली. तू ‘ध’ काढतोस, तेव्हा डोक्यावरची रेघ कुठून सुरू करतोस?”

“चाचा, आता वय झालं तुमचं. आणा इकडे.”

चाचांनी ब्रश त्याच्या हातात दिला. हेमंतने पट्टी धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढली. काळीभोर, सरळ.

“ही बघा.”

“छान. आता वाच.”

“मुरली…” हेमंत अडला.

“वाच ना, इंजिनिअरसाहेब. मराठीच आहे.”

“…मुरलीघर.”

“बासऱ्यांचं दुकान काढलंस होय?”

दाराजवळ आईला हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला, तरी ते थांबेना. महिनाभरात ती पहिल्यांदाच हसत होती.

हेमंतचे कान लाल झाले. “लहानपणी बाईंनी शिकवलं होतं,” तो पुटपुटला. “धनुष्यातला ध… घरातला घ…”

चाचांनी आपला उजवा हात पुढे केला आणि मुद्दाम थरथरवून दाखवला.

“चौथ्या वेळी तुझा बाप आत आला, तेव्हा त्याचा हात असा होता. काम दे म्हणाला. मी म्हटलं, आधी स्वतःचं नाव लिही. दीड महिना तेच लिहीत होता. रोज इथेच चुकायचा. रेघ सुटली की सुटली. हात थांबायचाच नाही.”

“मग?”

चाचांनी आईकडे पाहिलं.

“मग एका संध्याकाळी घरी आले,” आई म्हणाली. “तुझी शाळेची पाटी उचलली, पुसली, तिच्यावर स्वतःचं नाव लिहिलं. मला म्हणाले, अगं बघ, आज हात वेळेवर उचलला.”

तिने पदर सावरला.

“त्यानंतर थेंब नाही.”

“ती पाटी…” हेमंत म्हणाला. “माझे पाढे पुसले म्हणून मी रडलो होतो.”

“किती रडलास! आणि ते तुला खांद्यावर घेऊन अंगणात नाचले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं, आजही पिऊन आलेत.”

आता तिघंही हसले. हसता हसता हेमंतने डोळे पुसले.

मग त्याने टर्पेंटाइनचं फडकं मागितलं. चाचांनी दिलं. रंग अजून ओला होता. हेमंत गुडघ्यांवर बसला आणि ‘ध’च्या डोक्यावरची रेघ हलक्या हाताने, अगदी मोजून तेवढीच, पुसून काढली.

फट मोकळी झाली. मुरलीधर.

त्याने फडकं बाजूला ठेवलं.

“चाचा, खाली लिहा. फिटर, आठ वर्षं. दारूत, नऊ वर्षं. पेंटर आणि बिनदारूचा, एकतीस वर्षं.”

चाचांनी ब्रश बुडवला.

“पण…” हेमंत म्हणाला, “मुली विचारतील. त्यांना काय सांगू?”

चाचांनी मान वर केली नाही.

“त्यांना ‘ध’ काढायला शिकव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पाटी लागली, आणि साहेबांच्या, सासरच्यांच्या आणि गुरुवारच्या सगळ्या माणसांच्या देखत हेमंतच्या थोरल्या मुलीने ती मोठ्याने वाचली, मधल्या नऊ वर्षांसकट.