पल्याडची हाक

फार वर्षांपूर्वी, गंगेवर अजून कुठं पूल झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. गोदावरीला तिकडची माणसं गंगाच म्हणतात. तिच्या काठी डोणवाडी नावाचं गाव होतं आणि गावाच्या घाटावर सटवाजी भोई नाव चालवायचा.

सटवाजीच्या घराण्याचा एक नेम होता. पल्याडून तीनदा हाक आली की नाव सुटलीच पाहिजे. पणजोबानं गंगेत कंबरभर पाण्यात उभं राहून तो घेतला होता. जो नावाडी हाक मोडील त्याची नाव गंगा पोटात घेईल, असं म्हणतात. पणजोबानं हाक मोडली नाही, आज्यानं मोडली नाही, मग सटवाजी काय मोडतो! बाजारकरी, वऱ्हाडं, अडलेल्या बाईकडे निघालेली सुईण, गाडग्यातल्या अस्थी, सगळं त्यानं पार नेलं. चार तालुक्यांत त्याचं नाव झालं.

आणि घरी? बायको केराबाई पहिल्या खेपेला कळा देत होती तेव्हा हा पल्याड. थोरल्या लेकीचं, भिवरेचं जावळ काढलं तेव्हा हा मधल्या धारेत. ताटावर बसला की चौथ्या घासाला हाक यायचीच आणि उरलेली भाकरी कुत्र्यापुढं पडायची. सटवाजीच्या दारचं कुत्रं गावात सगळ्यांत गुबगुबीत, अशी लोक थट्टा करायचे. केराबाईला त्या थट्टेचं कधी हसू आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, शिवी नाही, पोरींवर हात नाही. फक्त घरात नसायचा, एवढंच.

भिवरा आठ वर्षांची झाली. एकदा ती घाटावर येऊन बापाला म्हणाली, "आबा, म्या घरून हाक मारते तवा तू का येत न्हाईस?"

"अल्याडच्या हाकेला नाव लागत न्हाई, बये."

"मग पल्याडून मारली तर?"

सटवाजी दोराला गाठ मारत होता. मान वर न करताच तो हसला. "मग काय! ताटावरून उठून यीन. नेमच हाय आपला."

बोलून तो विसरून गेला. लेकरं विसरत नाहीत.

वैशाखात एका बाजाराच्या दिवशी भिवरेनं पहिली भाकरी केली. मध्ये जाड, कडेला करपलेली, पण फुगली होती. बापाला ती गरम असताना खाऊ घालायची असा तिनं हट्टच धरला. दुपारपासून तीन वेळा ती घाटावर आली. तिन्ही वेळा सटवाजी "आलो, आलो" म्हणाला आणि बाजारकऱ्यांना घेऊन पार गेला. भाकरी गार झाली. मग पोरीनं ती आईच्या फाटक्या लुगड्याच्या धडप्यात बांधली आणि कुणाला काही न सांगता ती निघाली. अर्धा कोस वर नदीला उतार होता. वैशाखात तिथं गुडघाभर पाणी असायचं. ओझं घेऊन कोणी त्या शेवाळलेल्या दगडांवरून जात नसे, पण पोरीला ओझं कसलं, एका भाकरीचं. ती पल्याड पोचली, काठानं चालत घाटासमोर आली आणि सगळे उतारू देतात तशीच तिनं हाक दिली, "ओ नाववाले!"

त्याच वेळी पल्याडच, जरा खालच्या अंगाला, पाटलाकडचं वऱ्हाड येऊन ठेपलं होतं. वाजंत्री, बैल, रुखवताच्या दुरड्या. त्यांनीही हाक दिली. सटवाजीनं दोन्ही हाका ऐकल्या. पोराची हाक दिसतीय, गुराखी असंल, थांबंल, असं मनाशी म्हणून त्यानं नाव वऱ्हाडाकडे वळवली. हाक मोडली नाही त्यानं, फक्त मागं टाकली. वऱ्हाडाच्या तीन खेपा झाल्या. तेवढ्यात ती बारीक हाक आणखी दोनदा आली. मग आली नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा तो त्या हाकेच्या जागी गेला. तिथं कोणी नव्हतं. एका दगडावर गाठोडं होतं. धडप्याचा काठ त्यानं ओळखला, गाठ सोडली आणि आत जाड, करपलेली भाकरी पाहिली.

आई वाट बघत असेल म्हणून पोर आल्या वाटेनं माघारी निघाली होती. वर कुठं तरी वळीव कोसळला होता आणि उतारावर पाणी चढलं होतं. चौथ्या दिवशी ती खालच्या गावाच्या वाळवंटात सापडली.

गाव दारात जमलं. म्हातारे म्हणाले, गंगेची मर्जी. तेव्हा सटवाजी पहिल्यांदा बोलला.

"गंगेचं काय न्हाई त्यात. पोरीनं तीनदा हाक मारली. मला माझ्या लेकीचा आवाज वळखू आला न्हाई."

बारा दिवस नाव बांधलेली राहिली. तेराव्या दिवशी केराबाईनं धाकटीला, चार वर्षांच्या ठकीला आणून त्याच्या मांडीवर बसवलं. केराबाई रडली नाही, भांडली नाही. "एक गेली," म्हणाली, "आता हिचा तरी आवाज वळखून ठिवा."

त्याच दिवशी सटवाजी पारावर गेला आणि त्यानं सगळ्या गावासमोर सांगून टाकलं. सकाळच्या न्याहरीला आणि दिवेलागणीच्या जेवणाला नाव बांधलेली राहील.

"आन् पल्याडून हाक आली तर?" पाटील म्हणाला.

"तर म्हणावं थांबा, बाप जेवतोय."

"नाव बुडंल, सटवा. तुझ्या पणज्याचा नेम हाय."

"बुडू द्या. बुडायचं ते बुडलं."

नाव बुडली नाही. लोकांनी मात्र त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. पाटलानं दुसरा नावाडी आणून पाहिला, तो आठ दिवसांत मधल्या धारेतल्या भोवऱ्याला भिऊन पळाला. एकदा एक मामलेदार घोड्यावरून आला आणि पल्याडून ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. अल्याडून गावची पोरं एका सुरात ओरडली, "थांबा, बाप जेवतोय!" मामलेदार धोंड्यावर बसून राहिला. करतो काय?

सटवाजी ठकीची वेणी घालायला शिकला. ती कायम डावीकडे वाकडी यायची आणि सगळ्या गावाला कळायचं की आज हात बापाचा आहे. तिच्या बाहुलीला पडसं झालं, शेजारच्या शेळीनं हिचा झगा खाल्ला, हे सगळं तो घास थांबवून ऐकायचा. जेवण झालं की एक खेळ चालायचा. ठकी कधी चिंचेमागं जाऊन, कधी गोठ्यातून, कधी घाटाच्या खालच्या पायरीवरून हाक मारायची. सटवाजी डोळे मिटून ओसरीवर बसायचा आणि सांगायचा, चिंचेमागं हाय, पायात काटा हाय, माझ्यावर रुसलीय. ठकी खिदळायची. तो हसायचा नाही. तिला तो खेळ वाटत होता, त्याला तसा कधी वाटला नाही.

वर्षं गेली. ठकी सात कोसांवर गंगेच्याच काठी दिली. तिला मुलगा झाला. त्या श्रावणात असा पूर आला की घाटाची एक पायरी दिसेना. सटवाजी जेवायला बसला होता. चौथ्या घासाला तो ताठ झाला.

"ठकी हाक मारतीय," म्हणाला.

केराबाईनं कान दिला. पुराच्या घोंगावण्याशिवाय तिला काही ऐकू आलं नाही. "सात कोसांवरून? काय बोलता!"

"घाबरलीय. लेकरू काखंत हाय. उजवा हात कशाला तरी धरून हाय."

साठीचा म्हातारा उठला आणि त्यानं नाव पुरात लोटली. सात कोस पाण्याच्या उलट्या अंगानं नाव गेली आणि वल्ह्याला फेस लागला, असं म्हणतात. ठकीचं गाव पाण्याखाली होतं. एका उंबराच्या शेंड्याला उजवा हात घालून, लेकरू काखेत घेऊन ती लोंबकळत होती. घसा बसून तिचा आवाज केव्हाच गेला होता. ती नुसते ओठ हलवत होती. तेवढं त्यानं ऐकलं.

दोघांना घेऊन तो परतला तेव्हा सगळं गाव घाटावर पाया पडायला लोटलं. पाटलाच्या नातवानं त्याला खांद्यावर घेतलं. सटवाजी खाली उतरला आणि पल्याडच्या काठाकडे तोंड करून बसला. त्या दिवशीच नव्हे, मरेपर्यंत रोज, जेवण झाल्यावर तो तसा बसायचा, डोळे मिटून. ठकीनं एकदा विचारलं, "आबा, काय ऐकतोस?" तो म्हणाला, "काय न्हाई. कायच न्हाई ऐकू येत, हेच." सात कोसांवरचे हलते ओठ ऐकणाऱ्या त्या कानांना भिवरेची हाक पुन्हा ऐकू आली नाही. तसाच तो गेला. गावानं त्याला देवमाणूस केलं, पण त्याला हवं होतं ते गावाजवळ नव्हतं.

आता तिथं पूल आहे. तरी डोणवाडीत दिवेलागणीला दारात कोणी आलं, सावकार असो की साहेब, आतून एकच उत्तर येतं, थांबा, बाप जेवतोय. वर्षातून एकदा, वैशाखाच्या अवसेला, दुपार कलताना गावची सगळी लेकरं पुलावरून पल्याड जातात. बाप अल्याडच्या घाटावर गंगेकडे पाठ करून उभे राहतात. लेकरांनी एकेक करून हाक द्यायची, पण स्वतःचं नाव सांगायचं नाही की आबा म्हणायचं नाही. सगळ्यांची हाक एकच, "ओ नाववाले!" ज्या बापाला ती आपली वाटेल त्यानं वळायचं, पार जायचं आणि लेकराला कडेवर घेऊन यायचं. दुसऱ्या कोणी आणायचं नाही.

दोन-दोन वर्षं शहरात कामाला राहून आलेला एखादा बाप असतोच. हाका होत जातात, घाट रिकामा होत जातो आणि तो पाठ करून उभाच असतो. त्याला कोणी खूण करत नाही, कोणी हसतही नाही. त्यानं सगळी लेकरं नेली जाईपर्यंत थांबायचं. शेवटी पल्याड जे एकटं उरतं, ते त्याचं.