मुका कोण झाला?

आमच्या वसईकडे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. अशा एका देवळात नातालबाय तापानं फणफणलेलं तान्हं बाळ घेऊन उभी होती आणि मोठे फादर बाप्तिस्मा द्यायला तयार नव्हते.

कारण एवढंच की, बाप्तिस्म्याआधी आईबापांना देतात त्या शिकवणीत तिनं विचारलं होतं, "पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तिघं आणि देव एकच, हे कसं?"

"श्रद्धावंताच्या तोंडी 'कसं' शोभत नाही!" फादर गरजले. "सगळ्यांसमोर माफी माग, मगच पाणी ओतेन."

नवरा कुजबुजला, "माग गो माफी." बाळ कण्हत होतं; बाप्तिस्म्याविना ते गेलं तर, ही त्याला धास्ती.

"मागते, फादर. पण 'तुला पुत्र होईल' असं देवदूतानं सांगितलं, तेव्हा मरियामाता काय बोलली?"

फादर अडखळले. "'हे कसं होईल?'"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. फादर लालबुंद झाले. "त्याच देवदूतानं म्हाताऱ्या जखऱ्यालाही मुलगा होईल म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, 'कशावरून?' तर वाचा गेली, मुका झाला तो!"

"झाला ना," नातालबाय म्हणाली. "पण मरिया आमच्यासारखी गावातली पोर. जखऱ्या कोण? देवळातला पुरोहित. दोघांनीही विचारलं, मुका झाला तो पुरोहित!"

फादरांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

नातालबायनं बाळ पुढं केलं. "घाबरू नका, फादर. बाळाचं नाव ठेवलं तेव्हा जखऱ्याची वाचा परत आली. बाप्तिस्माही नाव विचारूनच सुरू होतो ना? तुम्हीही विचारा."

फादर घोगऱ्या आवाजात बोलले, "बाळाचं नाव काय?"

म्हणजे शेवटी प्रश्न त्यांनीच विचारला.