टिकलीचा शिंपला

फार पूर्वी एका उंबरावर बडबड्या साळुंक्या राहत. त्यांच्यातल्या टिकली नावाच्या पिल्लाला मात्र शब्द फुटत नव्हता.

"तोंडाने मागेपर्यंत पाणी देऊ नका, आपोआप बोलेल," म्हाताऱ्या आबांनी फर्मावलं.

तहानेने कासावीस झालेल्या टिकलीने पाण्याचा रिकामा शिंपला ढकलत मावशीच्या पायाशी आणला. मावशीने तो लगेच भरून दिला.

"लाडावून ठेव! आता कशाला बोलतेय ती?" आबा कडाडले.

"आत्ताच बोलली की, आबा. तुम्हीच ऐकलं नाहीत."

दुसऱ्या दुपारी टिकलीजवळ आबा एकटेच होते. तिने शिंपला त्यांच्यापुढे ढकलला.

"पाणी म्हण," आबा म्हणाले.

तिने शिंपला आणखी पुढे ढकलला.

कुणी बघत नाही ना, याची खात्री करून आबांनी शिंपला चोचीत धरला. आता त्यांनाही बोलता येईना. ते मुकाट्याने नदीकडे उडाले.