मागच्या दाराचा नैवेद्य

फार पूर्वी एका टेकडीच्या पोटात घुशींची वस्ती होती. एकदा धरणी हादरली, बिळांची तोंडे बुजली आणि अर्धी वस्ती आतच गुदमरली. वाचलेल्या चिमा घुशीने सर्वांना विनवले, "प्रत्येक बिळाला मागचे दार खणा आणि दर अमावास्येला पिलांना घेऊन त्यातून बाहेर पडा." सर्वांनी ऐकले.

पुढे पिढी पालटली. त्या दाराचा मान इतका वाढला की त्यातून जाणे बंद झाले आणि अमावास्येला तिथे जोंधळ्याची कणसे वाहण्याची रीत पडली.

"सूनबाई, दार मोकळे कर. पिलांना पळण्याची सवय हवी," चिमा म्हणाली.

"देवाच्या दारातून पाय टाकत जायचे? शेजारीण काय म्हणेल! आणि सासूबाई, तुमचा तो भूकंप आता म्हातारा झाला असेल," सून हसली.

"देवाने नखे दिली ती खणण्यासाठी. त्या देण्याचा मान राख."

सुनेने आणखी एक कणीस नेऊन ठेवले.

त्याच दुपारी चिमा पाण्यावर गेली असता टेकडी हादरली आणि बिळाचे पुढचे तोंड ढासळले. ती धापा टाकीत मागच्या दाराशी आली व दाटून बसलेली कणसे ओढू लागली. पलीकडून नातवंडांचा आक्रोश येत होता. अर्धी कणसे निघाली तेव्हा आत सारे शांत झाले होते.

सायंकाळी उरलेल्या घुशी जमल्या. त्यांतली वडीलधारी घूस मान खाली घालून म्हणाली, "यंदा नैवेद्य कमी पडला."

चिमाखेरीज सर्वांना ते पटले.