पत्रं परत येतात म्हणून

"पण बाबा, देणगी द्यायची तर घेणाऱ्याची लायकी बघायला नको का?"

एलिया मास्तरांनी हे विचारलं ते नाताळच्या सकाळी. शीलवंतबाबा चर्चच्या पायरीवर बसून गव्हाणीत अंथरायचं गवत मोकळं करत होते. मंडळीचे म्हातारे पाळक ते. मास्तर त्यांच्याच हाताखाली पवित्र शास्त्र शिकलेले. आजचा उपदेश मात्र मास्तर करणार होते. 'ख्रिस्तजन्म : देवाच्या प्रेमाची देणगी.' चांगली सात पानं भरली होती.

"देवानं बघितली?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे कुणी कसंही वागावं आणि..."

बाबा गवत मोकळं करत राहिले.

मास्तरांना तो प्रश्न झोंबला. कुणी कसंही वागलेलं त्यांना खपत नसे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या एस्तेरनं त्यांना न विचारता लग्न केलं, तेव्हा त्यांनी दार लावलं ते लावलंच. तिची पत्रं येत. मास्तर ती न फोडता परत पाठवत.

फाटक करकरलं.

एस्तेर आत आली. छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

"तू... कशी काय आलीस?"

"पत्रं परत येतात, अण्णा. म्हणून या वेळी स्वतःच आले." तिनं दुपटं जरा बाजूला केलं. "तुमची नात. दोन महिन्यांची आहे."

मास्तरांनी मान फिरवली. "बाबा, हिला म्हणावं, आधी 'चुकलं' म्हण. मग बघू."

बाबा उठले. हाताचं गवत झटकलं, एस्तेरकडून बाळ घेतलं आणि मास्तरांपुढे धरलं.

मास्तर एक पाऊल मागे सरले.

बाबा तसेच उभे. ऐंशी वर्षांचे हात ते, थरथरू लागले. दुपटं एका बाजूनं घसरलं.

"मला फार वेळ धरवायचं नाही, एलिया."

मास्तरांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. हातातली सातही पानं सुटली आणि पायरीवरून वाऱ्यावर गेली.

बाळानं जांभई दिली आणि त्यांच्या नव्या कोटावर दूध ओकलं.

मास्तर हसले की रडले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"एस्तेर... मी तुझं एकही पत्र..."

"माहीत आहे, अण्णा. चला, आत जाऊ."

घंटा वाजू लागली. पेटीनं सूर धरला, ढोलकी कडाडली, आणि अख्खी मंडळी उभी राहून जन्माचं गाणं म्हणू लागली, छपराचे पत्रे हादरतील अशी. मास्तर नातीला हातांवर आणि लेकीला बरोबर घेऊन मधल्या वाटेनं निघाले. ते स्वतःही गात होते, आणि त्यांचा आवाज एवढा मोकळा कुणी कधी ऐकला नव्हता. गाता गाता बायका डोळ्यांना पदर लावत होत्या.

गाणं संपलं. मंडळी बसली. सगळ्यांचे डोळे मास्तरांकडे. त्यांना उपदेशाचं एकही वाक्य आठवेना.

"बाबा," ते हळूच म्हणाले, "मी काहीच केलं नाही, तरी एवढं सगळं... आता मी काय करू?"

बाबा जवळ आले. बाळाकडे बघितलं.

"मानेखाली हात दे."